आडव्या डोलकाठीच्या माथ्यावर

आमच्या शहरातून समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र प्रवासात जाते. म्हणून पैठण रस्त्यावरच्या एका शेडमधून फोन आला आणि पलीकडच्या माणसाने, "शिडाच्या होडीच्या डोलकाठीवर, अगदी टोकाला, दिवा, रेडिओची अँटेना आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण बसवायचाय, कराल का, ताई?" असं विचारलं, तेव्हा मी त्यांना पत्ता दोनदा सांगायला लावला. मग मापं विचारली. मग वही उघडून तारीख टाकली आणि खाली 'होडी' असं लिहिलं. माझ्या वहीत हा शब्द पहिल्यांदाच आला होता. त्याच्या वरच्या ओळीत 'मंगल कार्यालय, तीन पंखे' असं होतं.

उस्मानपुऱ्यात माझं वायरिंग आणि पॅनेलचं छोटं दुकान आहे. मी यादीशिवाय काम करत नाही. कामाला निघताना सामानाची यादी, पोचल्यावर कामाची यादी, निघताना राहिलेल्याची यादी. घरचे हसतात, पण त्यांच्या गॅसच्या नंबरापासून रक्तगटापर्यंत सगळं त्यांना माझ्याच वहीत सापडतं.

माझा दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो वीज खात्यात लाइनमन होता. आधी देवगाव रंगारीच्या बाजूला, शेवटची बरीच वर्षं लासूर स्टेशनला. निवृत्त झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता माझ्या दुकानात येऊन बसला. "फुकटचा मुकादम भेटलाय तुला," म्हणाला. तेव्हापासून रोज यायचा. अवघड जोड, अडकलेली वायर, जुनं पॅनेल उघडणं ही कामं मी त्याच्यासाठी ठेवत असे.

मागच्या वर्षी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. काही करत नसला की अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत राहायचं, चिमटीत काहीतरी मळल्यासारखं. डॉक्टरांनी सांगितलं, हे जाणार नाही, गोळ्यांनी आवरता येईल. गोळीनंतर तासाभराने हात शांत व्हायचा आणि पुढे काही वेळ शांत राहायचा. मी त्याच्या आणि माझ्या, दोन्ही फोनमध्ये गोळ्यांच्या वेळा लावून टाकल्या. पण दुकानात त्याच्या हातून स्क्रू पडायला लागले. एकदा पॅनेलमधला एक जोड ढिला राहिला. मी तो गुपचूप आवळला. त्याने पाहिलं. दोघंही काही बोललो नाही.

होडीचं काम ऐकल्यावर मात्र तो बोलला.

"ह्ये मी करतो."

"बघू."

"बघू काय? उभी हयात खांबाच्या टोकावर काढली मी. खांबाच्या टोकावरचं काम हाय ह्ये. जमलं तर ठीक. नाय जमलं, तर मी उद्यापासून दुकानात येणार नाय. उगं तुझ्या कामात लुडबुड करायची नाय मला."

तो रागात नव्हता. चहात साखर किती हवी ते सांगावं, तसं त्याने सांगितलं. म्हणून मला भीती वाटली. दादा दुकानात आला नाही तर दिवसभर घरात बसून काय करेल, याची मी मनातल्या मनात यादी करून पाहिली होती. त्या यादीत एकच ओळ होती, आणि ती म्हणजे खिडकी.

*

फेब्रुवारीचे दिवस होते. शेड रस्त्यापासून आत, शाळूच्या शेतांच्या मधोमध होतं. आम्ही स्कूटर लावली आणि दारातच थांबलो. आतमध्ये होडी होती. पांढरी, पोटाशी गोल, लाकडी टेकूंवर उभी. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे तिच्या अंगावर पडले होते, आणि बाहेर कडुलिंब हलला की तेही हलायचे. त्यामुळे ती उभ्या जागी तरंगतेय असं वाटत होतं. जमीन तर कोरडी खडखडीत. मुरूम, वाळलेलं गवत, एक झोपलेलं कुत्रं.

होडी बांधणारे सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतर सात वर्षं लावून त्यांनी ती एकट्याने बांधली होती. पैठणच्या धरणाच्या, नाथसागराच्या पाण्यात वल्ह्यांवर फिरवूनही आणली होती. आता ती ट्रेलरवरून कोकणात जाणार होती. तिथे एक जुना खलाशी मित्र त्यांची वाट पाहत होता, आणि दोघं मिळून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे जाणार होते. परवा सकाळी सहाला ट्रेलर येणार होता. म्हणजे आमच्या हातात दोन दिवस.

"धरणावर दिव्याचं काम पडलं नाही कधी," सर म्हणाले. "समुद्रात रात्री बाकीच्यांना आपण दिसायला हवं."

डोलकाठी बाहेर अंगणात पडली होती. ॲल्युमिनियमची, तीस फूट लांब, चार जुन्या टायरांवर पोती अंथरून त्यांवर आडवी ठेवलेली. बुडाशी मांडीएवढी, टोकाला मनगटाएवढी. तिच्या एका अंगाने बुडापासून माथ्यापर्यंत एक सरळ खाच गेली होती. शिडाची कड त्या खाचेतून वर सरकते, असं सरांनी दाखवलं. शीड मागे असतं, म्हणून खाच नेहमी मागच्या अंगाला. आत्ता खाच खाली जमिनीकडे होती, म्हणजे वरची बाजू ती पुढची.

मी वहीत लिहिलं : वरची बाजू = पुढची बाजू.

मग सरांनी दिव्याचं सांगितलं. टोकावर एकच दिवा, पण त्याच्या काचेला तीन रंग. होडीत पुढे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा, पाठीमागे पांढरा. अंधारात दुसऱ्या जहाजाला नुसता रंग दिसतो, आणि त्या रंगावरून आपण त्याच्याकडे येतोय की त्याच्यापासून लांब चाललोय ते त्याला कळतं. त्याच दिव्यात वर आणखी एक पांढरा बल्ब, नांगर टाकून थांबल्यावर लावायचा. म्हणजे दिव्याला तीन वायरी. अँटेनाची जाड केबल वेगळी. वाऱ्याच्या बाणाला वायर नाही, तो नुसता फिरतो. त्याचा दांडा पुढच्या बाजूला काढायचा.

"डोलकाठी एकदा उभी राहिली की तिथे चढणं अवघड," सर म्हणाले. "मी तर चढू शकत नाही. जे काय असेल ते इथे, आडवी असतानाच पक्कं व्हायला पाहिजे."

मी कामांची यादी करून शेडच्या दाराला चिकटवली. प्रत्येक कामापुढे कोण करणार ते. दादा चष्मा लावून ती वाचत उभा राहिला. बराच वेळ.

"वायर कापणे, तू. जोड दाबणे, तू. बोल्ट, तू. स्लीव्ह, तू." त्याने बोट खाली सरकवलं. "सामान देणे, दादा. वायर धरणे, दादा." मग माझ्याकडे वळला. "धरणे? मी काय खुंटी हाय व्हय?"

"दादा, तसं नाही..."

"अन् ह्ये 'सामान देणे' काय? मी ठेकेदाराचा पोऱ्या हाय का तुझ्या?"

सर होडीत काहीतरी शोधायला लागले.

मी त्याला काय सांगणार होते? की तू नापास होऊ नयेस म्हणून मी तुला पेपरच दिला नाही? मी म्हटलं, "यादी बदलता येते." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता. चिकटवलीस ना," आणि पोत्यावर जाऊन बसला. त्याचा अंगठा बोटावर फिरत होता.

*

पहिला दिवस वायर ओढण्यात गेला. डोलकाठीच्या आत एक प्लॅस्टिकची नळी होती, तिच्यातून स्टीलची लांब स्प्रिंग घालायची, तिला वायरी बांधायच्या आणि दुसऱ्या टोकाने खेचायच्या. मी माथ्यावर, दादा बुडाशी. स्प्रिंग मध्येच अडली. मी जोर लावणार एवढ्यात तो ओरडला, "दमानं! ढकलू नको. फिरव." त्याने आपल्या टोकाला कान लावला. तीस फुटांवरून मला तो डोलकाठीला कान लावून बसलेला दिसत होता, डोळे मिटलेले. "आता ये," म्हणाला. स्प्रिंग सुटली आणि सरळ आली.

वायरी माथ्यापाशी आल्यावर तो उठून आला आणि म्हणाला, "ह्या वर बांधून घे. जोडाच्या आधी, कडेला."

"कशाला? आतून तर आल्यात."

"आज आडव्या हायेत म्हणून गप पडल्यात. उभी केली की तीस फुटांचं वजन जोडाला लटकंल. वायरीला तिचं स्वतःचं वजन लागतं, बाई."

मी बांधून घेतल्या आणि यादीत ती ओळ घातली. पुढे 'दादा' लिहिलं. त्याने बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं.

त्या दुपारी काम हळू झालं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. हे माझ्या बाबतीत नवीन होतं. काहीतरी चिकटायला किंवा सुकायला ठेवलं की आम्ही लिंबाखाली बसायचो. शाळूचं शेत चारी बाजूंनी होतं. वारा एका टोकाने शिरायचा आणि कणसं वाकवत दुसऱ्या टोकाला निघून जायचा. सर आपल्या खिशातून बसवायचा तो बाण काढून बोटावर धरायचे. तो थोडा वेळ इकडे, थोडा वेळ तिकडे असा विचार करायचा आणि मग एका बाजूला तोंड करून स्थिर व्हायचा. "वायव्य," सर म्हणायचे. आणि तेवढ्याने त्या अंगणाला दिशा आल्यासारख्या वाटायच्या. शेडचं दार म्हणजे पुढे, रस्ता म्हणजे मागे. आम्ही तिघं कुठेतरी निघालोय, आणि अजून फक्त पाणी यायचं बाकी आहे.

मी समुद्र तीनदा पाहिला आहे. तिन्ही वेळा कुणाची तरी चप्पल सांभाळत.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाशी वायरी बाहेर काढायच्या होत्या. त्यांचं भोक नेमकं खालच्या अंगाला होतं. मीच म्हणाले, काठी उलटी करू. तिघांनी हात लावला, मी "एक, दोन, तीन" म्हटलं आणि डोलकाठी पोत्यांवर सावकाश कुशीवर वळली आणि मग पूर्ण उलटी झाली. खाच आता वर आली. वायरी बाहेर निघाल्या. मी त्या कामावर खूण केली आणि पुढच्या ओळीकडे गेले.

माथ्याचं काम मी एकटीने केलं. खूप नीट केलं. तीन वायरींचे तीन जोड तांब्याच्या छोट्या नळ्यांमध्ये दाबले, त्यांवर आतून चिकट असलेली प्लॅस्टिकची स्लीव्ह गरम करून बसवली, म्हणजे खारं पाणी शिरणार नाही. स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियमला खाऊ नयेत म्हणून मध्ये मलम लावलं. दिव्याच्या बुडाला पुढची बाजू दाखवणारी एक खूण असते. वहीत बघितलं : वरची बाजू = पुढची बाजू. खूण वर केली. बोल्ट आवळले. बाणाचा दांडा वरच्या अंगाला काढला. अँटेना मधोमध उभी, म्हणजे खरं तर आडवी. सरांनी बुडाशी बॅटरी लावली. दिवा लागला. भर उन्हात लाल आणि हिरवा अगदी फिके दिसत होते, गोळ्या चोखून झाल्यावर जिभेवर रंग राहतो तेवढे.

सर टाळी वाजवून म्हणाले, "झालं!" मी शेवटच्या ओळीवर खूण केली. दुपारचा दीड वाजला होता. दादाने दोन दिवसांत वायर ओढणं आणि काठी उलटवणं सोडून कशाला हात लावला नव्हता. त्याने डबा उघडला, जेवला, आणि झाडाला पाठ टेकून डोळे मिटले.

मलाही डुलकी लागली असावी. मला वाटलं, पत्र्याचा आवाज येतोय तो पाण्याचा आहे. शेडमधून होडी सावकाश बाहेर आली, लिंबाच्या उंचीवरून, आणि तिच्या पोटाखाली पाणी होतं की शाळू ते मला नीट दिसत नव्हतं. कुणीतरी वरून विचारत होतं, पुढं कुठलं, मागं कुठलं? आणि मी वही शोधत होते.

डोळे उघडले तर दादा झाडाखाली नव्हता.

तो डोलकाठीच्या बुडाशी उभा होता. कमरेला पट्टा नसताना पट्टा आवळल्यासारखं करत होता. मग वाकला आणि काठीवर दोन्ही हात ठेवून, एकेक हात पुढे टाकत, सरकायला लागला. ओठ हलत होते.

हे मी लहानपणी पाहिलं होतं. दादा नवीन नवीन नोकरीला लागला तेव्हा आमच्या वस्तीबाहेरच्या खांबावर काम करायला आला होता. त्यांच्या टोळीत पद्धत होती : चढायच्या आधी खाली उभं राहून रिकाम्या हातांनी सगळं काम एकदा करायचं. इथे पाय, इथे पट्टा, इथे पक्कड, उजवा हात इकडे, तोंड तिकडे. मोठ्याने बोलत. त्याला ते कोरडा फेरा म्हणत. कारण वर गेल्यावर लाइन बंद राहणार ती मोजक्या वेळेसाठीच, आणि विसरलेल्या वस्तूसाठी कुणी खाली येऊ शकत नाही. आम्ही लहान पोरं त्याला हसलो होतो. एक मोठा माणूस हवेत स्क्रू फिरवतोय म्हणून.

आता मी हसले नाही. मी उठून त्याच्या मागे मागे गेले.

"होडीत उभा हाय," तो स्वतःशी म्हणत होता. "शीड माझ्या मागं. खाच माझ्या छातीला. तोंड पुढं." तो खाचेवर छाती टेकत, वाकून, टोकाकडे चालला होता, जणू खरोखर चढतोय. मध्ये एकदा थांबला आणि खाली बघितलं. म्हणजे खरं तर मागे, बुडाकडे, जिथे सर आता चहाचे कप घेऊन उभे होते. "लई उंच हाय, सर," तो म्हणाला. सर म्हणाले, "सांभाळून."

तो माथ्यापाशी पोचला. खाचेवर पोट टाकून त्याने दोन्ही हात पुढे पसरले, डावा दिव्याच्या डावीकडे, उजवा उजवीकडे. आणि तसाच राहिला.

"बाई," तो म्हणाला. "लाल कुठं पायजे म्हणलं व्हतं?"

"डाव्या हाताला."

"मग हा माझा कुठला हात?"

त्याचा उजवा हात थरथरत होता. त्या हाताखाली लाल काच होती.

मला कळायला थोडा वेळ लागला. सकाळी काठी उलटी केली होती. मीच केली होती, मोजून. वरची बाजू आता पुढची नव्हती. वहीतली ओळ तशीच राहिली होती, आणि मी काठीकडे न बघता वहीकडे बघून दिवा बसवला होता. तोंड मागे करून.

सर कप खाली ठेवून आले. त्यांनी खाच पाहिली, खूण पाहिली. "म्हणजे समोरून येणाऱ्या जहाजाला..." त्यांनी वाक्य अर्धंच ठेवलं. मग हळू म्हणाले, "त्याला पांढरा दिसला असता. त्याला वाटलं असतं, आम्ही पुढे चाललोय, त्याच्यापासून लांब."

"अन् तुमी तर त्याच्याच अंगावर," दादा म्हणाला. तो अजून तसाच पालथा होता. मग त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "बाण पण उलटाच. अँटेनाला पुढं-मागं नसतं, म्हणून ती तेवढी वाचली तुझ्यापासून."

*

बाणाचं काम दहा मिनिटांचं होतं. दिव्याचं तसं नव्हतं. तो फिरवला तर आखूड वायरींना पीळ बसणार; म्हणजे तिन्ही जोड सोडवायचे, आणि तेही कापूनच, कारण ती चिकट स्लीव्ह एकदा बसली की सुटत नाही. माथ्यापाशी वायर मी अगदी मापात ठेवली होती, जास्तीची काही नको म्हणून. कापल्यावर जेमतेम दोन बोटं उरत होती. त्यात जोड एकदाच होणार. चुकला तर नवीन वायर ओढायची, म्हणजे आणखी एक दिवस. आणि ट्रेलर सकाळी सहाला.

मी पक्कड उचलली. माझा हात स्थिर होता, तो नेहमीच असतो. पण मला कापायची जागा दिसेना. मी तीनदा वायर मोजली आणि तिन्ही वेळा माप वेगळं आलं. जी बाई सकाळपासून एक उलटी काठी सरळ समजत होती, तिच्या डोळ्यांवर मी आता विश्वास का ठेवावा, असं काहीसं वाटत होतं.

तेवढ्यात दोघांचे फोन एकदम वाजले. तीनची गोळी.

दादाने गोळी घेतली, वर थंड झालेला चहा घेतला. म्हणाला, "चारला करू. मी करतो."

मला 'नको' म्हणायचं होतं. माझ्या तोंडात तो शब्द तयार होता, सरांचा प्रवास, ट्रेलर, दोन बोटं वायर, सगळी कारणं ओळीने उभी होती. आणि समोर माझा भाऊ उभा होता, ज्याने रिकाम्या हातांनी ते पकडलं होतं जे मी भरल्या वहीने चुकवलं होतं.

"कर," म्हटलं.

तो तास फार लांब गेला. सर होडीत जाऊन बसले. आम्ही दोघं टायरांवर बसलो. ऊन पिवळं झालं होतं आणि काठी इतकी चमकत होती की तिची कड दिसत नव्हती. दादा तिच्याकडे बघत म्हणाला, "ही उभी राहील तेव्हा आपण नसणार."

"नाही."

"खांब रोवला की आपण खाली उभं राहून बघायचो. लाइट आली की घराघरांतून पोरं ओरडायची. हितं कोण ओरडणार? मासे?"

मी हसले. तोही. त्याचा अंगठा हळूहळू थांबला. कधी थांबला ते मला कळलं नाही, मी बघत असूनही.

चारला त्याने पहिला जोड कापला. मी वायर धरली. म्हणजे माझ्या यादीतलं त्याचं काम मी केलं. त्याने वायर सोलली, नळीत घातली, पक्कड दाबली. खट्. ओढून बघितलं. पक्का. मी स्लीव्ह गरम केली. दुसरा जोड. सोलताना तारेची एकही काडी तुटली नाही. खट्. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो श्वास तोंडाने घेत होता.

तिसऱ्याला त्याने वायर सोलली, नळी उचलली आणि थांबला. त्याच्या चिमटीतली नळी थोडीशी हलत होती. फार नाही. तारेच्या टोकापाशी जायची आणि बाजूला सरकायची. पुन्हा जायची आणि सरकायची. त्याने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, परत उचलला. मी डोळे खाली केले. मला त्याला मदत करायची नव्हती, आणि न करणंही जमत नव्हतं.

"धर," तो म्हणाला.

मी वर बघितलं. त्याने नळी आणि पक्कड माझ्यापुढे धरली होती.

"दादा, थांब थोडं. परत होईल शांत."

"नाय व्हायचं. सरांना सकाळी निघायचंय." त्याच्या आवाजात काही तुटलेलं नव्हतं. "तू दाब. मी सांगतो. तार पूर्ण आत जाऊ दे, भोकातून दिसली पायजे. दिसली? अजून जराशी. आता दाब. दोनदा."

मी दाबली. दोनदा.

"ओढ."

ओढली. पक्की होती.

मग दिवा फिरवला, आणि बाणाचा दांडाही. खूण आता जमिनीकडे, खाचेच्या विरुद्ध अंगाला. मी माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही. मी दादाला पुन्हा बुडापासून चढायला लावलं. तो चढला. त्याच्यामागे सर चढले. सगळ्यात शेवटी मी. तीन म्हातारे-कोतारे ओळीने एका आडव्या काठीवर छाती टेकून पालथे, आणि अंगणात कुत्रं उठून बसलेलं. मी हात पसरले. डाव्या हाताखाली लाल. उजव्या हाताखाली हिरवा. माझ्या चेहऱ्यापुढे मुरूम होता, गवताची काडी होती आणि एक मुंगळा, पण मी तिथे थोडा वेळ तशीच राहिले. पुढे तोंड करून.

*

परत येताना दादा मागे बसला होता. चितेगावच्या पुढे ट्रकांच्या रांगेत स्कूटर हळू झाली. मी वाट बघत होते. हे जमलं की नाही जमलं, ते तो ठरवणार होता, मी नाही. तिनांपैकी दोन जोड म्हणजे काय, हे मला सांगता येत नव्हतं, आणि मी त्याला विचारणारही नव्हते.

"उद्या काय हाय तुझ्याकडं?" त्याने विचारलं.

"हॉस्टेलचं पॅनेल. मोठं आहे."

"कोण करणार?"

"मी."

"एकटी?"

मी आरशात बघितलं. तो रस्त्याकडे बघत होता, वाऱ्याने डोळे बारीक केलेले.

"मग मला एक उंच स्टूल लागंल," तो म्हणाला. "पाठीचं नको. पाठीचं असलं की झोप लागती. तुझ्या खांद्यावरून दिसंल एवढं उंच. अन् मी सांगितल्याबिगर काही दाबायचं नाय."

"आणि माझं चुकतच नसेल तर?"

"तर मी गप बसंन," दादा म्हणाला. "पण मला नाय वाटत लई गप बसायला मिळंल."

पुढचा ट्रक हलला. त्याने डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला, तोल सांभाळायला. उजवा त्याच्या मांडीवर होता, आपल्या मनाने काहीतरी मोजत. मी गाडी पुढे घेतली.